स्वल्प केळग

जांबोटी रस्त्याला, किणयेच्या अलीकडं
जांभ्याची बंद पडलेली खाण आहे. तिचा तळ आमचं मैदान.
तीनशे मीटरवर तांबड्या मातीचा बांध,
बांधाखालच्या खड्ड्यात बसलिंग,
त्याच्या हातात लांब काठी, काठीला पांढरी थाळी.

यंत्र नवं. भावानं मस्कतहून धाडलेलं.
डोळ्याला लावून कळ दाबली की आत दोन आकडे पेटतात:
वर अंतर,
खाली, किती उंच धरायचं ते.
वरचा बरोबर होता, आम्हीच मागं साखळी टाकून मोजलेला.
त्याच्या भरवशावर खालचाही मानला
आणि पाच गोळ्या सोडल्या.
वॉकीटॉकी खरखरला:
"केळग री. स्वल्प केळग."
पाचही खाली,
एकमेकींना खेटून, मुठीत मावतील अशा,
मध्यापासून चार बोटं.

मी श्वासाला बोल लावला, खांद्याला,
चोर्ल्याकडून येणाऱ्या ओल्या वाऱ्याला.
कल्लाप्पा सुंठणकर पोत्यावर बसून शेंगा फोडत होते.
बत्तीस वर्षं शस्त्रागारात घालवलेला माणूस,
ऐकू कमी येतं, पण बंदुकीचं सगळं येतं.
"वाऱ्यानं बाजूला जाती गे गोळी.
आणि हात चुकला असता तर पाचजणी पाच वाटांनी गेल्या असत्या.
ह्याला विचार, कुणाची रायफल मनात धरून बोलुलालंय."

विचारलं. बारीक अक्षरांची पुस्तिका
चष्मा पुसून पुसून वाचली.
कारखान्यातनं निघताना कुणीतरी त्याला
एक गोळी पाठ करून दिली होती:
दीडशे ग्रेनची, हलकी, पळणारी,
समुद्रकाठच्या दाट हवेतली,
शंभर यार्डांवर जुळवलेल्या कुठल्याशा लांब नळीतली.
माझी एकशेऐंशीची. नळी दोन इंच तोकडी.
जुळवणी मीटरवर, आणि पायाखाली अडीच हजार फूट उंची.
इतका वेळ ते मला
न पाहिलेल्या कुणा नेमबाजाचं गणित
चोख सोडवून देत होतं.

मग अख्खी सकाळ गेली.
आधी शंभरावर रायफल पक्की केली,
कारण पायरीच हलली तर जिना काय मोजणार.
दुर्बिणीच्या मध्यापासून नळीच्या मध्यापर्यंत किती?
कल्लाप्पांनी बंडीच्या खिशातनं कॅलिपर काढला,
शहापूरच्या सोनाराकडनं कधी आणलेला, परत न केलेला.
पंचेचाळीस मिलिमीटर. यंत्रात अडतीस.
वेग मोजायची पेटी आमच्याकडं नाही,
तेव्हा गोळी दोनशेवर किती घसरते, तीनशेवर किती,
हे साखर कारखान्याच्या डायरीत लिहीत
घसरणीवरनं वेग ओळखत बसलो,
चालीवरनं माणूस ओळखावा तसं.

यंत्रात आठ वक्र होते, एकाखाली एक.
दोन नंबरचा काढून पाच घातला: "केळग."
सहा घातला: "म्याल, म्याल."
आमची गोळी पाच आणि सहाच्या मधोमध पडायची,
आणि मधल्याला तिथं घरच नव्हतं.
कल्लाप्पा खोकल्यागत हसले.
"मग ही आपल्याच भागातली म्हणायची."

शेवटी पाचच ठेवला.
दस्त्यावर चिकटपट्टी लावून वर लिहिलं:
तीनशेला एक टिक जादा.
धरलं. सोडली.
बांधामागनं थाळी हळूहळू वर आली,
मध्यावर येऊन थांबली.
वॉकीटॉकीवर बसलिंग काही खात होता,
तोंड भरलेलंच होतं, म्हणाला, "सरी."

मी सामान आवरायला लागले.
"डब्यावरचा लॉट नंबर लिहिलास काय?" कल्लाप्पांनी विचारलं.
"पुढच्या डब्याला हे सगळं परत करायला लागणार.
आणि थंडीत एकदा."
लिहिला नव्हता.
डबा त्यांच्याच पोत्याजवळ होता,
टरफलांनी काठोकाठ भरलेला.
ती ओंजळीनं उपसत मी तळाशी छापलेले
पुसट आकडे शोधत राहिले,
आणि ते डायरी उघडून, पेन्सिल जिभेला लावून,
वाट बघत बसले.