पार्टी घरी नाही

मल्लिनाथ एजंट म्हणाला, काकू,
अकराला गिऱ्हाईक येऊलालंय, तुम्ही घरात थांबू नका.
मालक समोर असला की माणूस कपाट उघडत नाही,
नळ सोडून बघत नाही,
बायकोच्या कानात खरं बोलत नाही.
अन् तुम्ही, तो म्हणाला, लई बोलता.

बोलते, हे खरं.
मागच्या महिन्यात बार्शीचे एक गुरुजी आले होते.
त्यांना कडक भाकरी दिली, शेंगाची चटणी, वर दही.
पाणी पाचव्या दिवशी येतं, पहाटे तीनला, हेही दिलं सांगून,
मोटर कितीची लावायची तेही.
गुरुजी पोटभर जेवले
आणि जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला.

म्हणून आज मी समोर येमुलच्या दुकानात,
टॉवेलच्या गठ्ठ्यावर बसून
आपल्याच घराकडं बघते.
असं समोरून कधी बघितलंच नव्हतं.
केवढंसं आहे.
पत्रा उन्हानं पांढरा पडलाय,
आणि दारावरचं नाव, श्रीहरी रामय्या कमटम,
मल्लिनाथनं कॅलेंडर टांगून झाकलंय.
कशाला की?
गेलेल्या माणसाचं नाव भाव पाडतं म्हणे.

कन्ना चौकाकडून रिक्षा आली. तिघं उतरली.
नवरा, बायको, पाच-सहा वर्षांचा पोरगा.
मल्लिनाथनं कुलूप काढलं, माझ्याच किल्लीनं.
स्वयंपाकघराचा दिवा लागला, विझला.
पुढच्या खोलीचा लागला
तो लागूनच राहिला.
येमुलची सून म्हणाली, अत्तम्मा, चहा ठेवू?
मी नको म्हटलं, आणि उठलेच.

उंबऱ्यात येऊन थांबले.
चपला काढायच्या का, कळेना.
"या शेजारच्या," मल्लिनाथ डोळे वटारून म्हणाला.
"पार्टी पुण्याला असते, मुलाकडं."
हो, मी म्हटलं, पार्टी पुण्याला असते.

पोरगा गोट्या सोडत होता.
प्रत्येक गोटी घरंगळत
एकाच कोपऱ्यात जाऊन बसत होती.
"फरशी खचलीय का?" नवऱ्यानं विचारलं.
"पाणी काढायला उतार दिलाय की," मल्लिनाथ म्हणाला,
इतकं सुंदर, की मलाही पटलं असतं
तिथं एकतीस वर्षं दोन माग चालले नसते तर.
बोल्टांची आठ भोकं मीच सिमेंटनं बुजवली,
मागाचे पैसे हातात आले त्या संध्याकाळी.
माग किलोवर गेले.
घर फुटावर जाईल.
रात्रपाळीची खटखट कशावर मोजणार?
पोरं त्यातच झोपायची,
आणि लाईट गेली, आवाज थांबला,
की दचकून उठायची.

मी गप्प राहिले. मल्लिनाथची शपथ, गप्प राहिले.

बाई मोरीचं दार लावून बघत होती.
ओढलं, लागेना.
"पार्टी बदलून देईल," मल्लिनाथ म्हणाला.
तिनं परत ओढलं.
माझा हात मला न विचारता पुढं गेला.
"जरा उचलून ओढायचं," मी म्हटलं,
"पावसाळ्यात थोडं जास्त."
खट्ट.

ती माझ्याकडं बघत राहिली.
मल्लिनाथला मोबाईलमध्ये काहीतरी सापडलं.
मग तिनं कडी काढली,
परत लावली, उचलून,
एकदा, दोनदा.
तिसऱ्यांदा खट्ट आलं ते बरोबर आलं.
आतल्या खोलीतून कुणी ऐकलं असतं
तर वाटलं असतं मीच.

नवरा मीटरचा फोटो काढायला बाहेर गेला
तेव्हा ती हळूच म्हणाली,
"मावशी, पाणी कितव्या दिवशी येतं इथं?"

मी मल्लिनाथकडं बघितलं.
मल्लिनाथनं पत्र्याकडं.