चार कुंड्या, पश्चिमेचं ऊन

गच्चीवर चार कुंड्या, माझ्या गुडघ्याच्या वर येतील एवढ्या.
सातव्या मजल्यावरचे फर्नांडिस वसईला गेले
तेव्हा टेम्पोत बसेनात म्हणून ठेवून गेलेल्या.
आत जुनी माती, फरशीसारखी घट्ट,
आणि एक स्टीलचा चमचा. कुणाचा, कळलं नाही.

ऊन अकराला टाकीवरून उतरतं
आणि सहापर्यंत हलत नाही,
वसुलीला आल्यासारखं.
कमिटी म्हणाली, तुम्हीच बघा, तुम्ही आता रिटायर.
बारा महिने हिरवं हवं, एवढंच.
साडेसहा हजारांत, मातीसकट.

मुलुंडच्या टोलनाक्याअलीकडे भोईरांची नर्सरी.
भोईर पाइप हातात धरून बोलतात,
जिकडे बोलणं जातं तिकडे पाणी.

कण्हेर उन्हाला भीत नाही,
पाणी घालायला विसरलात तरी रुसत नाही.
पण दुसऱ्या मजल्यावरची ईरा दीड वर्षाची,
दिसेल ते तोंडात.
मी छत्तीस वर्षं औषधांच्या काउंटरमागे उभी होते,
कण्हेरीचं पान काय करतं, मला सांगू नका.
खोडली.

फायकस? गच्चीला डांबर लावणारा सालियन
मागेच म्हणून गेलाय,
बाई, मुळं स्लॅबला विचारून वाढत नाहीत.

क्रोटन मला कधीच आवडला नाही.
लग्नघरी सगळ्यांच्या आधी येऊन
पहिल्या रांगेत बसलेला पाहुणा.
त्याची काही चूक नाही.

तगर घेतली.
वेणूताई पहाटे साडेपाचला पिशवी घेऊन वर येणार,
देवाच्या नावाने एक कळी शिल्लक ठेवणार नाहीत,
हे धरूनच घेतली.
एक्झोरा घेतला, तो लालभडक नाही, फिका केशरी.
आणि कामिनी. कामिनीला कारण लागत नाही.

पैसे मोजताना विचारलं,
पानं गळणार नाहीत ना यांची?
भोईरांनी पहिल्यांदाच नळ बंद केला.
मॅडम, सगळ्यांचीच गळतात.
ह्यांची एकदम गळत नाहीत, एवढंच.
एक जातं, तोवर दुसरं आलेलं असतं.
माणसाला वाटतं, तीच आहेत.

लिफ्ट वर अडकलेली. तिन्ही झाडं घेऊन
खाली नावांच्या बोर्डापाशी उभी राहिले.
तगरीचा शेंडा सहा नंबरला टेकत होता.
सहाला पै राहायच्या ना?
कुलाबकर कधी गेले, पेढे देऊन की न सांगता?
चौदाला आता कुणी चौरसिया.
सोळा घरं, सोळा पाट्या,
एकही जागा कोरी नाही.
रस्त्यावरून बघणाऱ्याला बिल्डिंग तशीच,
तेवीस वर्षं.

चौथ्या कुंडीचं अजून ठरत नाही.
सेक्रेटरी दर रविवारी विचारतात.
ईरा संध्याकाळी वर येते,
तो चमचा घेऊन माती उकरते,
खड्ड्यात डोकावते, पुन्हा बुजवते.
तूर्त तिथे तेवढंच उगवतंय.

आज सकाळी झाडताना
कामिनीखाली पाच पानं मिळाली, पिवळी.
वर पाहिलं, फांद्या बाजूला करून पाहिलं,
चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.
कुठून गळाली ती जागा काही सापडली नाही.