वरची बाजू

मी विद्यापीठात बाटल्या धुतो.
प्रकल्पग्रस्ताचा दाखला, दहावी पास, एकवीस वर्षं नोकरी.
आम्लाने उजव्या हाताचे दोन ठसे गेलेत,
हजेरीचं यंत्र रोज सकाळी मला ओळखत नाही.

तस्नीम पारकर मॅडमनी दिवाळ्याच्या खाडीत
नळी ठोकून चिखल आणला, तेव्हा
लिफ्टचं दार उघडायच्या आधीच मी ओळखला.
आमच्याच बंदराचा.
ज्यात मी निवट्यांमागे ढोपरापर्यंत रुतलो,
ज्यात बापाची होडी भांगाला कुशीवर पडून असायची,
तो तिसऱ्या मजल्यावर आला,
पांढऱ्या नळीत, दोन्हीकडे टोपण, नंबर चोवीस-ब.

मॅडम म्हणाल्या, सेंटिमीटरला साधारण एक वर्ष.
भरती रोज थोडं ठेवून जाते,
हिशेब कोणी मागत नाही.

काप केले, वाळवले, चाळले.
शिसं मोजलं, पारा मोजला.
चाळण्या माझ्याकडे.
आणि आलेख आला तो इतका देखणा
की विभागप्रमुखांनी पेढे मागवले.
खाडी सुधारत होती!
वर्षागणिक विष कमी,
रेघ खाली येत होती
कठडा धरून जिना उतरणाऱ्या म्हाताऱ्यासारखी.
कोणीतरी लगेच मथळा सुचवला,
त्यात 'शाश्वत' हा शब्द दोनदा होता.

मी पेढा खाल्ला. हात पुसले.
म्हणालो, मॅडम, ही नळी उलटी आहे.

फक्त भट्टीचा पंखा ऐकू येत होता.
विभागप्रमुख हसले. वाईट नाही हसले.

तुम्ही ज्याला आज म्हणता,
तो निळसर चिकट गाळ.
त्यानं माझी आई चूल सारवायची.
त्यात कालवाची शिंपली आहेत,
आणि धाकटीच्या लग्नानंतर
आमच्याकडे कालवं कोणी पाहिली नाहीत.
तुमच्या सगळ्यात जुन्या थरात मात्र
शांपूच्या पुडीचा कोपरा निघाला, परवा, चाळणीत.
ठेवलाय मी. सोड्याच्या डब्याखाली.
माझ्या आजानं शांपू लावला नव्हता.

परवाच बोलायला हवं होतं, हे खरं.
पण बाटल्या धुणाऱ्यानं
कुठल्या वाक्यानं सुरुवात करायची?

मॅडमनी रिकामी नळी उजेडात धरली.
ओल्या हातमोज्यानं बाण पुसला गेला होता,
कोणीतरी अंदाजानं पुन्हा काढलेला.
त्यांची शिष्यवृत्ती संपायला नऊ दिवस होते.
त्यांनी आलेख फाडला नाही,
त्यावर तारीख घातली, 'चूक' लिहिलं, फाइलला लावला.
उरलेले पेढे मला घरी न्यायला सांगितले.

पुढच्या भांगाला त्या पुन्हा आल्या, उसन्या गमबुटात.
आईनं नळीच्या वरच्या टोकाला
जाळ्याचा लाल धागा बांधला.
"आता तरी चुकू नको गो बाय."

या वेळी रेघ चढली.
पेढे कोणी मागवले नाहीत.
पण त्या रेघेत एक जागा होती,
सर्व्हिस रस्ता झाला ते वर्ष,
तिथून पुढे तिवरांमागच्या चिखलात
भरतीचं मीठच पोचलं नव्हतं.
रस्त्याखालचा पाईप राडारोड्यानं बुजलेला.
पालिकेच्या इंजिनिअरनं तीन पत्रं परत केली,
चौथ्यासोबत मॅडम स्वतः गेल्या,
पिशवीत चोवीस-ब घेऊन.
टेबलावर वर्तमानपत्र पसरायला लावलं त्याला.

पाईप मोकळा झाला त्याला दीड वर्ष झालं.
प्रबंधात माझं नाव आहे, पान एकशे एकाहत्तर,
आडनावात एक काना जास्त.

काल आई पहाटे खाडीवर जाऊन आली.
डब्यात सहा निवट्या, ओल्या फडक्यात,
डोळे वर काढून बघणाऱ्या.
"तीन तिला दे. खावाची का नाय, तवरं इचार."

तीन मी मॅडमना दिल्या. त्यांनी वजन केलं,
प्रत्येकीला नंबर दिला.
पाऱ्याचा आकडा गुरुवारी येईल.

घरी उरलेल्या तीन घमेल्यात आहेत, खाडीच्या पाण्यात.
आईनं मसाला वाटून ठेवलाय.
कढई अजून पालथी आहे.