ळ ची कळ

टायपिंग इन्स्टिट्यूट बंद केलं तेव्हा
मशीनं गेली किलोच्या भावानं.
खोली उरली, दौलतगंजात, जिना चढून वर,
भिंतीवर अजून तक्ता: मिनिटाला चाळीस शब्द.

हर्षुल शितोळे म्हणाला, मावशी, इथे मिरर ठेवू या.
मला आधी न्हाव्याचं दुकान आठवलं.
मग त्यानं समजावलं: एक अख्खी प्रणाली आहे,
कुणा एकाच्या मालकीची नाही,
रोज थोडी थोडी बदलते,
तिची एक नक्कल ग्वाल्हेरात असली
तर भिंडच्या पोराला ती जर्मनीहून ओढावी लागणार नाही.
नक्कल!
कार्बन कागदात बोटं काळी केलेल्या बाईला
आणखी काय सांगायचं.

पहिल्या रविवारी आठ खुर्च्या मांडल्या.
दोघं आले,
त्यातले निसारभाई पंखा दुरुस्त करायला.
पण बसले, चहा घेतला, विचारलं,
हे यंत्र जूनमध्ये जगणार कसं?
त्या सभेतलं कामाचं वाक्य तेवढंच.
कूलर नको, ओल धरेल, म्हणाले,
आणि शुक्रवारी नमाजानंतर येऊन
खिडकीची काच काढून उलटा पंखा बसवून गेले.
पैसे विचारले तर म्हणाले, माझंही नाव लिहा कुठे तरी.
लिहिलं. हर्षुलच्या खाली, माझ्या वर.

बॅटऱ्या रामसेवकच्या ई-रिक्षातल्या,
सवारी ओढून थकलेल्या,
पण बत्ती गेली की दोन तास यंत्र तोलून धरतील इतक्या शाबूत.
वर्गणीची वही माझ्याकडे:
पन्नास, पन्नास, वीस, एक जुनी रॅम,
पाच किलो गहू (विकून केबल आणली).

एकदा केर काढताना माझ्याच हातून वायर निसटली.
तीन दिवस कुणाला पत्ता नाही.
चौथ्या दिवशी शिवपुरीच्या पॉलिटेक्निकातून फोन:
तुमची नक्कल शिळी आहे.
काय आनंद झाला मला!
म्हणजे कुणी तरी जेवत होतं.

मग भाषांतर. मी लिहिलं, थोडं थांबा.
पुण्याचे एक गृहस्थ म्हणाले, प्रतीक्षा करा.
तीन आठवडे वाद, शेवटी मतं घेतली.
अकरातले नऊ थांबले.

पण पडद्यावर स्थळ, वेळ, मूळ,
तिन्ही शब्दांच्या शेपटीला रिकामा चौकोन.
ळ नव्हताच त्या अक्षरवळणात.
आमच्या घरात तरी कुठे उरलाय म्हणा.
नातू 'केलं' म्हणतो,
फळ हवंय की काही उरकलंय, विचारावं लागतं.

दुरुस्त कुणी केला, तर थाटीपूरच्या गजेंद्र कुशवाहनं.
त्याची जीभ ल वरच अडते, फार तर ड़ पर्यंत जाते.
तीन रात्री फॉन्टच्या पोटात शिरून बसला,
दर तासाला हाक: मौसी, ये गोल वाला अब ठीक है?
नाही रे. डावं वेटोळं जरा सैल सोड.
माझ्या शेवटच्या मशीनची एकच कळ मी ठेवली होती,
सगळ्यांत कमी झिजलेली.
ती त्याच्या हातावर ठेवली. बघ, असा.

दुरुस्ती दूर कुठे पाठवली, कुणी कुणी तपासली,
एकानं बिंदूएवढी चूकही काढली.
आणि आठव्या रात्री
शेकडो पुडक्यांच्या गर्दीत
ती आमच्याच नकलेत परत उतरली.
मी टाइप केलं: केळं.
गजेंद्रनं मोठ्यानं वाचलं: केलं.
बरोबर आहे, म्हटलं, तूच केलंस.

निसारभाईंचं म्हणणं, पंख्याला तेल हवंय.
रामसेवकची एक बॅटरी फुगलीय.
आता खुर्च्या कमी पडतात,
आणि येत्या रविवारी मी झाशीला, लग्नाला.
किल्ली कुणाकडे ठेवायची
हे अजून ठरलेलं नाही.