ब-यमुना

घोडपदेवच्या गाळ्यात, कटिंग मशीनशेजारी,
तळकरकाकांचा कॉम्प्युटर अजून चालू होतो.
आधी पंखा खोकतो, मग पडदा उजळतो.
आत एकवीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल, श्रद्धांजल्या,
सगळ्या अशा एका फॉन्टमध्ये
ज्याची कंपनीच आता नाही.
फॉन्ट काढला की मराठी गळून पडते,
उरतात डॉलर, टक्के आणि उलटी प्रश्नचिन्हं.

शटर ओढल्यावर मी रोज थोडी थोडी
एक स्क्रिप्ट लिहीत गेले.
उघडीच ठेवली. कुणाला हवी त्याने न्यावी,
मोडली तर सांगावं.

पहिली वेलांटी फार छळते.
जुन्या फॉन्टात ती अक्षराच्या आधी उभी,
डोळ्यांना दिसते तशी;
नव्या रीतीत आधी अक्षर, मग तिचा नंबर.
रफाराचं उलटं. शेवटी टेकवलेला,
त्याला उचलून पुढे न्यायचं.
एकट्या ‘निर्मिती’ने माझे दोन रविवार खाल्ले.

आणि अर्ध्या र चं बटण
काकांना कधी सापडलंच नाही.
ते सरळ रेघ मारायचे:
दुस-या, करणा-या, को-या.
टोकलं तर म्हणायचे, वाचणाराला कळतं ना? झालं.

म्हणून मी नियम घातला:
रेघेनंतर य किंवा ह आला तर र समजावा.
एंटर दाबलं. अकरा हजार रेघा
एका दमात वाकल्या.
मी खूश होऊन खालून चहा मागवला.

चौथ्या दिवशी बेळगावहून कुणी वासंती हुद्दार,
कधी न पाहिलेली बाई, विचारते:
तुमच्या नमुना यादीत ‘बऱ्यमुना’ आहे,
हा शब्द कुठल्या भागातला?

उत्सवाच्या वर्गणीची यादी, सत्त्याण्णव सालची.
बऱ्यमुना, खोली चार, अकरा रुपये.
बऱ्यमुना, खोली नऊ, सायमन तळकर, एक्कावन्न.

काकांना फोन लावला, मीरा रोडला, लेकीकडे.
‘ब-यमुना गं, आमची बिल्डिंग!
आधी अ-गंगा पाडली, मग आम्हाला.
आता टॉवर आहे तिथं,
त्याचं नाव माझ्या जिभेवर बसत नाही.’

अपवादांच्या फाइलीत मी एक ओळ वाढवली: ब-यमुना.
वर शेरा लिहिला: ही इमारत आहे. जोडू नये.

आता कुणीही, कुठेही ही स्क्रिप्ट चालवली
की ती आधी ही फाइल वाचते,
डोळ्याचं पातं लवायच्या आत,
आणि मगच बाकीच्या रेघा वाकवते.

हुद्दारबाईंनी खाली आणखी विचारलंय,
खोली नऊमधले तळकर तुमचे कोण?
उत्तर अर्धं लिहून ठेवलंय.

‘महाराष्ट्र’ अजून मधूनच तुटतो.
ते उद्या बघू.