बोल्टवरचा आठ

अजब बंगल्याच्या मागच्या खोलीत
मे महिन्यातले अडीच वाजलेत.
कूलरच्या वाळ्याला वास उरलेला नाही,
नुसता ओला आवाज.
टेबलावर घोंगडं, घोंगड्यावर रायफल,
सुटी करून मांडलेली,
मोडीला काढलेल्या दागिन्यांसारखी.

डोमाजी हेडाऊ चष्मा कपाळावर चढवतात
आणि अंगठ्याने बघतात.
"पोरी, आधी नंबर नको वाचू.
नंबर कोनीबी ठोकते.
आधी रंग पाह्य."

मी बघते.
नळीचा काळा जांभळाकडे झुकलेला.
घोड्याचा काळा तव्याचा.
निशाणपट्टीवर तर चक्क पेंट,
त्यात ब्रशचा एक केस अडकून वाळलेला.
"तीन घरचे तीन लोक," ते म्हणतात,
"एका पंगतीत बसवले."

पुढचं लाकूड अक्रोडाचं, दाट.
दस्ता कुठल्याशा देशी झाडाचा, रेषा रुंद, सैल.
दोन्हींच्या सांध्यात माझं नख जातं.
नख जाते तिथं पाणी गेलंच समज,
असं ते म्हणतात, आणि खरंच,
आत गंजाची पिवळी भुकटी.

माझ्याआधीच्या बाईंच्या अक्षरातलं रजिस्टर
मी पुढे चालवते,
अकरा महिन्यांच्या कंत्राटावर.
दस्ता: बदललेला.
निशाणपट्टी: बदललेली.
पाचवा स्क्रू अर्ध्यात अडतो.
"जबरदस्ती नको करू, आटे येगळे हायेत त्याचे.
इतवारीतल्या सायकलच्या दुकानातला असन."
हसतात, कवळी सावरतात.
मला आवडायला लागलंय
परकं काय ते ओळखणं.

मग बोल्ट.
नळीच्या बुडाशी ६८४१.
बोल्टच्या दांडीवर ६८४१.
"हा तरी घरचा!" मी जवळजवळ ओरडते.

डोमाजी बोलत नाहीत.
भिंग घेऊन खिडकीशी जातात, पडदा सारतात,
ऊन टेबलापर्यंत येऊन पडतं.
"आठाचा उजवा भाग पाह्य. ठशाचा हाय.
डावा ठशाचा नाही, छिन्नीचा.
खाली तीन हाय."

बराच वेळ फक्त कूलर.

"एकाहत्तर साल. कामठीच्या शेडमधी मी नवीन.
होमगार्डच्या बंदुका आल्या होत्या डागडुजीले,
सकाळी मोजून द्याच्या होत्या.
एकीचा बोल्टच भेटेना.
दुसरीची नळी फुटली होती, तिचा काढलो.
बसला.
बसला म्हंजे, मी बसवलो.
तीनचा आठ कराले दोन ठोके लागते.
साहेबानं भिंग नाही लावलं."

तुमचेच ठोके कशावरून?

"कलले कसे हायेत पाह्य.
शेडमधी डावखोरा मी एकटाच."

ते बोल्ट आत सारतात, दांडी खाली दाबतात.
बंद होतो. अगदी शेवटी,
जिथे घट्ट व्हायला हवा तिथे,
जरासा हलतो.
पोस्टकार्डाचा कोपरा फाडून ते फटीशी धरतात.
"एवढी," म्हणतात.
"एवढी फट. कोनाच्या तरी गालापासी."

ही चालवली होती का कुणी, नंतर?
मला विचारायचं नव्हतं, विचारून गेले.
"बंदूक परत जाते," डोमाजी म्हणतात,
"चिठ्ठी येत नाही तिची."

आता ही काचेत राहणार,
शाळेची पोरं नाक टेकवून बघणार,
पिन आधीच काढून ठेवली आहे.
तरीही ते बोल्ट पुन्हा बाहेर काढतात,
तेलाच्या फडक्यात गुंडाळतात,
वेगळा ठेवतात.

मी लिहिते:
बोल्ट. बदललेला. कामठी, १९७१. आकडा खोडसाळ.
'खोडसाळ' खोडते.
आकडा दुरुस्त केलेला, असं लिहिते, तेही खोडते.
रजिस्टरात 'कोणी' असा रकाना नाही.
समासात जागा आहे थोडी.

डोमाजी पेन मागतात.
मी सवयीने उजव्या हाताशी धरते.
ते डावा पुढे करतात.