खिट्टी

चाक मी केलं. फणसाच्या लाकडाचं,
झेल्मा कुलासोनं पेन्सिलीनं काढून दिलं तसं.
"मेस्त, एका वेढ्याला एक किलोमीटर.
गावडोंगरीपासून बांबोळीच्या इस्पितळापर्यंत."
किती होतात? "अठ्ठ्याहत्तर."
मी हसलो. पणजीत एवढे वेढे कोण घालणार?
देवळातसुद्धा लोक तीन घालून चपला शोधतात.

दोराला वाळूची पिशवी हवी म्हणाली, आठ किलोची,
"कुणी सोबत असल्यासारखी."
करमल घाटात चाक जड व्हायला हवं,
म्हणून आत एक वाकडी पाचर बसवली.
आणि हात सुटला तर पिशवी
कुणाच्या पायावर येऊ नये म्हणून
पितळेची खिट्टी.
चाक पुढे जाईल. मागे नाही.

मांडवीकाठच्या जुन्या कचेरीत मांडलं सगळं:
भिंतीवर नकाशा, अठ्ठ्याहत्तर बारीक दिवे,
शेवटचा लागला की दार उघडतं,
दारामागे एक रिकामी खुर्ची.
मला बाजूला स्टूल दिलं, काही बिघडलं तर बघायला.

बघत होतो.
बहुतेक माणसं चावडीलाच उतरली,
बारातेरा दिवे, मग फोटो, मग बाहेर कॉफी.
आरोग्य खात्यातले एक साहेब आले,
पाच वेढ्यांनंतर त्यांनी ड्रायव्हरला हाक मारली.
चाक ड्रायव्हरनं फिरवलं,
फोटोत मुठीवर हात साहेबांचा.
शिकाऊ डॉक्टर असलेली एक पोर
घाटातल्या दिव्यांपाशी थांबली, जमिनीवर बसली.
"आम्ही ओरडतो त्यांच्यावर," ती म्हणाली,
मला नव्हे, चाकाला,
"एवढ्या उशिरा का आणलंत म्हणून."

चौथ्या दिवशी शेवंती वेळीप आली.
बाहेरच्या मांडवात तांबड्या मिरच्या विकत होती,
दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
हात पदराला पुसले, मूठ धरली,
नकाशाकडे पाहिलंच नाही.
चावडीला हात बदलला. मडगावला पुन्हा बदलला.
मग लक्षात आलं माझ्या,
बस जिथं बदलायची तिथंच बदलत होती.

दार उघडलं. खुर्ची पाहिली तिनं, बसली नाही.
"हां. आता परत," म्हणाली
आणि मूठ उलट दाबली.
कट्ट.
पुन्हा जोर लावला. कट्ट.
"हे मागे येत नाही?"
नाही, म्हटलं, तसंच केलंय.
"मग घरी कशी जाऊ मी?
औषध चढवलेला माणूस पिळलेल्या धोतरासारखा होतो, मेस्त.
जाताना निदान तो खिडकीतून बघत तरी असतो.
संध्याकाळची गाडी चुकली
की मडगावच्या स्टँडवर रात्र,
त्याचं डोकं माझ्या मांडीवर, माझं खांबाला.
दर तिसऱ्या सोमवारी."
रागानं नव्हती बोलत.
बाजारात वजन कमी भरलं तर सांगावं, तसं.
मग तिच्या मिरच्यांपाशी कुणीतरी उभं राहिलं, ती गेली.

रात्री कुलूप लावायच्या आधी मी खिट्टी काढली.
झेल्माला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी तक्रारी:
यंत्र बिघडलंय, हात सोडला की दिवे विझत मागे येतात,
पिशवी धाडकन आपटते.
सोडायचाच नाही हात, मी सांगत होतो,
हळू उतरवायची, दोन्ही हातांनी.
संध्याकाळी झेल्मानं स्वतः फिरवलं.
गेली. आली. ब्लाऊज पाठीला चिकटला होता.
काही बोलली नाही.
पाटीवरचा आकडा खोडून लिहिलं, एकशे छप्पन्न.

माझ्या बिलात ती अजून आहे,
खिट्टी, पितळ, एक नग. कमी करायला हवी.
आणि दुसरं एक.
मी बोरीचा, गावडोंगरी कधी पाहिलेली नाही.
घाटातली ती पाचर अंदाजानं बसवली होती.
शेवंतीला विचारायचं राहून गेलं,
तिथं जड होतं, ते पुरेसं होतं का.